तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या तलावात ट्राउट का नाही

भाऊबीज झाली की आमच्याकडे, गोंदिया-भंडाऱ्यात, गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्रभर दंडार, नाटक, घरोघरी पाहुणे. त्यातला एखादा पाहुणा सकाळी पाय मोकळे करायला तलावाच्या पाळीवर येतो आणि मला बघून थांबतो. माझ्या हातात नऊ फुटांची लवचीक काठी असते, हवेत मागेपुढे झुलणारी जाड पिवळी दोरी असते, आणि तिच्या टोकाला ना गांडूळ ना कणकेची गोळी, गळावर गुंडाळलेली चिमूटभर पिसं. किड्यासारख्या दिसणाऱ्या ह्या गळालाच आम्ही माशी म्हणतो. थोडं बोलणं होतं. मी तीन वर्षं इंग्लंडच्या उत्तरेला कामाला होतो, तिथे ट्राउट धरायला शिकलो, हे कळलं की पुढचा प्रश्न येतोच: "मग इथं का नाही सोडत ट्राउट? एवढं मोठं पाणी पडलंय." परवा तुम्हीही तेच विचारलंत. तेव्हा मी "जमणार नाही" एवढंच म्हणालो, कारण दोरीला मासा होता. आता सविस्तर सांगतो.

आपलं पाणी तापतं, हे पहिलं कारण. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. दहा ते सोळा अंश सेल्सिअसमध्ये तो खुशाल असतो. पाणी विसाच्या वर गेलं की त्याचं खाणं कमी होतं, पंचविसाच्या आसपास त्याच्या जिवावर बेतायला लागतं. त्यात पाण्याचा एक गुण असा की ते जितकं थंड तितका त्यात प्राणवायू जास्त मावतो. १० अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाच्या पाण्यात साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात ट्राउटला श्वासाची गरज वाढते तेव्हाच पाणी हात आखडतं. गोंदिया-भंडाऱ्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. आमचे तलाव तेव्हा आटून मधल्या खोलगट भागापुरते उरतात आणि त्या पाण्यात पाय घातला तरी कोमट लागतं. "चिखलदऱ्याला तरी?" असंही काही जण विचारतात. चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर आहे, हवा छान आहे, पण ट्राउटला बारा महिने गार पाणी लागतं, आणि तिथलाही मे महिना त्याला सोसणार नाही.

आपल्या देशात ट्राउट आहे, पण तो आणलेला. काश्मीरमध्ये १९०० साली विलायतेहून ब्राउन ट्राउटची अंडी पोचली, त्याआधीची खेप वाटेतच मेली होती. निलगिरीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अव्हलांच इथे रेनबो ट्राउटचं अंडी उबवणी केंद्र झालं. हिमाचलात कुलूकडे तो वाढला. ज्याला ट्राउटच धरायचा असेल त्याने तिकडे जावं, परवाना काढावा. मीही जाईन एकदा.

आता त्या इंग्लंडच्या तळ्यांबद्दल सांगतो, कारण माझं उत्तर खरं म्हणजे तिथून सुरू होतं.

आमच्या क्लबची दोन तळी होती, मेंढ्यांच्या कुरणांमध्ये. क्लब लहान, तीस-चाळीस लोकांचा. एक लाकडी खोली, तिच्यात चहाची किटली आणि एक वही. कोणी किती वेळ बसलं, किती मासे धरले, किती सोडले, कोणत्या माशीवर, हे सगळं निघताना लिहायचं. दोनपेक्षा जास्त मासे घरी न्यायचे नाहीत. रेनबो ट्राउट साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाही, त्याला वाहतं पाणी आणि वाळूगोटे लागतात, म्हणून क्लब उबवणी केंद्रातून मासे विकत आणून तळ्यात सोडायचा. ब्राउन ट्राउटचा विणीचा काळ नेमका तिथल्या पानगळीत येतो. ऑक्टोबरपासून तो चुकून लागला तरी हात ओले करून, पाण्यातच गळ काढून सोडून द्यायचा. हात ओले का, तर कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग धरतो.

मी पहिल्यांदा गेलो ते नोव्हेंबरात. दुपारी चारला अंधारायचं. पाण्यावर पिवळी पानं तरंगत असायची आणि दर चौथ्या फेकीला गळाला मासा नव्हे, पान यायचं. ह्या प्रकारात काठी फिरवणंच आधी शिकावं लागतं. साध्या गळात शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरा त्याच्यामागून ओढला जातो. इथे माशीला वजन नसतंच, वजन दोरीला असतं. दोरी मागे फेकायची, ती पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे आणायची. थांबला नाहीत तर चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. ते थांबणं हाताला कळायला मला महिना लागला. मासा मात्र पाच रविवार लागला नाही.

सहाव्या रविवारी क्लबातले एक सत्तरीचे गृहस्थ माझ्याजवळ आले. माझी पिसांच्या माश्यांची डबी उघडून बघितली, त्यांच्याबद्दल काही बोलले नाहीत. मला काठावरच्या कुंपणापाशी घेऊन गेले आणि तिथली कोळ्याची जाळी दाखवली. जाळ्यात काळसर, डासासारखे बारीक किडे अडकले होते, शेकड्यांनी. आज पाण्यातून काय वर येतंय ते कोळी आपल्याआधी मोजून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. ते किडे चावत नाहीत. त्यांच्या अळ्या तळाच्या गाळात राहतात, काही तर लाल असतात, आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन त्यांच्याही अंगात असतं म्हणून, आणि त्याच्या जोरावर त्या प्राणवायू कमी असलेल्या गाळातही जगतात. दुपारी ऊन पडलं की कोष होऊन हळूहळू पृष्ठभागाकडे चढतात, आणि चढताना ट्राउट त्यांना टिपतो. थंडी पडली की उन्हाळ्यात खोल गेलेले मासे काठाजवळ येतात, कारण वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली जातं आणि सगळं तळं एकसारखं ढवळून निघतं. त्यांनी मला काळ्या दोऱ्याचा, तांब्याची तार गुंडाळलेला एक साधा गळ दिला. दोरी हाताच्या बोटांवर इतकी सावकाश गोळा करायला लावली की मला वाटलं काहीच हलत नाहीये. अडीचच्या सुमाराला दोरीचं टोक किंचित अडखळलं.

तो मासा दीड किलोचा असेल. मी तो सोडला. पण घरी जाताना माझ्या डोक्यात मासा नव्हता, कोळ्याचं जाळं होतं. तेच किडे आमच्या घरी दिवाळीत पणत्यांभोवती मरून पडतात. आई सकाळी झाडूने गोळा करते आणि आम्ही सगळे त्यांना "चिलटं" म्हणून मोकळे होतो. ते आमच्या तलावाच्या गाळातून येतात, त्यांच्यावर तलावातले मासे जगतात, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सात हजार किलोमीटरवर कळलं. मला ह्याचं वाईट वाटलं. माझं बालपण त्या पाळीवर गेलं होतं.

म्हणून परत आल्यावर मी ट्राउट आणायचा विचार केला नाही, आपलं पाणी वाचायला बसलो.

आमच्या भागातले हे तलाव जुने आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले, उताराचा अंदाज घेऊन, एकाचं जास्तीचं पाणी दुसऱ्यात जाईल असे. नवेगाव बांध त्यातला सगळ्यात माहितीतला. पुढे मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, आले म्हणून मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा (माजी मालगुजारी) तलाव. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे गेले, गाळ काढायची गावाची रीत मोडली. मासेमारीचा हक्क ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पावसाळ्यात रोहू, कतला, मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडते, त्यावर घरं चालतात. मी पहिल्या दिवशी संस्थेत जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं: मोठे मासे लागले तर सोडायचे, विणीच्या दिवसांत यायचंच नाही. वीण जपायचा इंग्लंडच्या क्लबचा नियम आणि हा नियम सारखाच निघाला.

माझे गुरू इथलेच एक ढिवर मामाजी. फेकजाळं टाकतात, हिवाळ्यात डोंग्यातून शिंगाडे काढतात. त्यांनी मला बघून पहिल्यांदा विचारलं, "का जी, मासोरी धरतेस अन् सोडून देतेस, मंग येतेस कायले?" मी म्हटलं, "मामाजी, ती काय खाते ते बघायला." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तं मंग मले इचार ना."

त्यांना विचारलं म्हणून कळलं की रोहू-मृगळ माझ्या माशीला का तोंड लावत नाहीत. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळाचं खातो. कतल्याचं तोंड वर वळलेलं, पण तो पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जीव गाळून घेतो. रोहू मधल्या थरात, शेवाळ आणि वनस्पतींवर. माशी घेणारे दोनच: काठच्या गवतातली बोटभर कोतरी, आणि मरळ. आता मी बेशरमीच्या झुडपांवरची कोळ्याची जाळी बघून कोतरीसाठी माशी बांधतो. पिसं गावठी कोंबड्याच्या मानेची. विलायतेतल्या जुन्या कारागिरांना आपल्या राखाडी रानकोंबड्याच्या पिसांचं फार वेड होतं. आता तो पक्षी संरक्षित आहे, त्याला कोणी हात लावू नये.

पण ज्या बेशरमीवर मी जाळी बघतो ती तलावाची शत्रू आहे. तिने काठ गिळले आणि देवधान, कमळ, पाण्याखालचं गवत गेलं. त्या गवतातच मासे अंडी घालतात आणि पिल्लं लपतात. अर्जुनी मोरगाव भागात काही ढिवर संस्थांनी, त्यातही बायकांनी पुढाकार घेऊन, बेशरम उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि नाहीसे झालेले देशी मासे परत दिसायला लागले. ट्राउट का नाही, ह्याचं दुसरं कारण हे. बाहेरून आणलेला मासा देशी माशांची जागा कशी घेतो ते आपण तिलापियात बघितलंय, आफ्रिकन मागुरावर तर देशात बंदी घालावी लागली. उद्या एखादा ट्राउट आमच्या मे महिन्यात तगला, तरी मी तो सोडू देणार नाही.

आणि मरळ आहे की! ट्राउटच्या अगदी उलट. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी तिला चालतं, कारण ती वर येऊन तोंडाने हवा घेते. घेतल्याशिवाय तिला राहताच येत नाही, वर येता आलं नाही तर पाण्यातच गुदमरते. उन्हाळ्याच्या कोमट डबक्यात ती तगते ती ह्यामुळे. पावसाळ्यात तिची लालसर पिल्लं थव्याने तरंगतात आणि आईबाप खाली राखण करतात. तेव्हा तिला धरणं म्हणजे अख्खा थवा मारणं. पण ह्या दिवसांत, कार्तिक सरता सरता, पाणी निवळलेलं असतं, दहा-अकराच्या उन्हात ती काठच्या कमळपानांत येऊन पडते. तिच्यासाठी मी जुन्या हवाई चपलेच्या तळव्याचा तुकडा कापून बेडूक करतो. तिला दात आहेत, म्हणून शेवटचा वीतभर दोरा जाड लावतो.

मामाजींनी मला तिचा श्वास मोजायला शिकवलं. ती वर येते, पाण्यावर एक बुडबुडा उठतो, आवाज होतो न होतो. तिथून मोजायचं. गार सकाळी अंतर लांबतं, ऊन चढलं की कमी होतं. हाताला इंग्लंडचं ते थांबणं सवयीचं होतं म्हणून हे मोजणं मला लवकर जमलं. परवा तुम्ही पाळीवर उभे होतात तेव्हा मी मोजतच होतो. मामाजी डोंग्यात शिंगाड्याच्या वेली उलटत होते, तिथूनच हळू म्हणाले, "थांब बाबू, आता निंगल." मी दोरी मागे नेली, सरळ होऊ दिली आणि चपलेचा बेडूक पानाच्या कडेला ठेवला.