डबा उघडला नाही, त्या दिवसापासून

भडंगाचा डबा. झाकण फिरेना. संधिवाताला सहा वर्षं झालीत, सीआरपी (रक्तातून सूज कळते ती तपासणी) आटोक्यात आहे, गोळी दर रविवारी न चुकता. तरी त्या झाकणापाशी मी मटकन खाली बसले. मावशीची वाकडी झालेली बोटं डोळ्यांसमोर. मग रोज उठल्या उठल्या मूठ वळून बघायची, रिपोर्टच्या आदल्या रात्री जागायचं.

आज शेवटी सांगलीतल्या विश्रामबागहून मिरजेला समुपदेशक बाईंकडे गेले. वाटलं होतं, 'सकारात्मक राहा' ऐकून परत यायचं. (हे सांगणाऱ्यांना एकदा माझी सकाळची बोटं उसनी द्यावीत म्हणते.) पण त्या म्हणाल्या, "ताई, ही भीती खोटी नाही. आजार वाढू शकतो. म्हणून ती खोडायची नाही, शेवटपर्यंत बघायची."

मग विचारत गेल्या. बोटं वाकली, तर काय? पोळ्या लाटता येणार नाहीत. मग काय? हे लाटतील, नकाशे होतील. मग काय? लोकांसमोर हात लपवावे लागतील. इथे मी रडले. म्हणजे दुखणं पोळ्यांचं नव्हतंच.

आता संध्याकाळी सहाला वीस मिनिटं वहीत भीती लिहायची, एरवी आली की "सहाला ये" म्हणायचं. बाईंकडे सहा वेळा जायचंय.

जाणं जमत नसेल तर १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

घरी आले तर ह्यांनी डबाच बदललेला. पिशवीला रबर लावून ठेवलंय. भडंग सादळलंय.