दोन एल्बोंनी अडवलेली लॅन केबल : माझा अनुभव

बेडरूममधल्या टेलिफोन पॉइंटपर्यंतचा पाइप जेमतेम साडेसात मीटरचा. त्यातून एक कॅट-६, म्हणजे इंटरनेटची लॅन केबल न्यायला तीन शनिवार गेले. बाकी सगळं, म्हणजे जॅक (केबलचं भिंतीतलं सॉकेट) बसवणं, नेटवर्क स्विच (सगळ्या केबली जिथे एकत्र येतात तो डबा) जोडणं, लेबलं लावणं, एका दुपारचं काम होतं. म्हणून हे काम घरच्या घरी करणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच, की पाइप मोकळा आहे याची खात्री होईपर्यंत केबल विकत घेऊ नका. मी आधी केबल आणली आणि मग पाइपात स्प्रिंग, म्हणजे वाट चाचपायची लांब लवचिक तार घातली.

फ्लॅट पुण्यातला, टू बीएचके. आजकालच्या बऱ्याच इमारतींत टीव्ही आणि टेलिफोनसाठी विजेपेक्षा वेगळा पाइप भिंतीत टाकलेला असतो. लॅन केबलसाठी तोच वापरायचा. विजेच्या पाइपातून लॅन केबल अजिबात नेऊ नये. सिग्नलचा प्रश्न दुय्यम आहे. ओढताना २३० व्होल्टच्या जुन्या तारेचं इन्सुलेशन खरवडलं गेलं तर करंट थेट लॅनच्या तारेत उतरू शकतो.

पाइप बाहेरून २० मिमी असेल तर आतून साधारण १६ मिमी भरतो. कॅट-६ची जाडी ६ मिमीच्या आसपास. पाइपाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग भरू नये हा नेहमीचा हिशोब धरला, तर दोन केबली जातात. तिसरी घुसवायचा हट्ट केला की पहिल्या दोन सोलतात.

हॉलचा पॉइंट सोपा गेला. तिथे डिशची जुनी जाड केबल पडून होती. तिच्या टोकाला नवी केबल बांधली आणि दुसऱ्या बाजूने जुनी ओढून काढली. मात्र जोड जाड होऊ देऊ नका. नव्या केबलचं वरचं आवरण १५ सेंमी सोलायचं, आतल्या पिळलेल्या तारांच्या चार जोड्यांपैकी दोन कापून टाकायच्या, उरलेल्या दोन जुन्या केबलभोवती गुंडाळायच्या आणि वरून इन्सुलेशन टेप निमुळती होत जाईल अशी घट्ट मारायची. जोडाला गाठ राहिली तर ती पहिल्याच वळणावर अडकते.

बेडरूमचा पाइप मात्र रिकामा होता. ओढायला आत जुनी तारच नाही. हॉलच्या बाजूने स्प्रिंग घातली तर साडेपाच मीटरवर थांबली. बेडरूमच्या बाजूने घातली तर दोन मीटरही गेली नाही. इथे जोर करू नका, मोजा. स्प्रिंग जिथे अडली तिथे पाइपाच्या तोंडाशी तिला टेपची खूण करा, बाहेर काढा आणि टेपने मापून घ्या. माझं गणित असं होतं : हॉलच्या बॉक्सपासून स्लॅबपर्यंत १.७ मीटर, स्लॅबमधून आडवं ३.४, मग बेडरूमच्या भिंतीतून खाली २.४. एकूण ७.५. हॉलकडून स्प्रिंग ५.५५ गेली, बेडरूमकडून १.९५. बेरीज बरोबर ७.५. म्हणजे दोन्ही बाजूंची स्प्रिंग एकाच जागी अडत होती, आणि ती जागा स्लॅबच्या ४५ सेंमी खाली. बीमची खोलीही ४५ सेंमीच. पाइप बीममधून बाहेर पडतो नेमका तिथे.

पाइपांचा नकाशा मिळेल म्हणून बिल्डरच्या ऑफिसात फोन केला. आर्किटेक्टचा आराखडा पाठवला, त्यात दरवाजे कुठे उघडतात ते होतं. पाइपांचा नकाशा मागितला तर उत्तर आलं, "तो काँट्रॅक्टरकडे असेल." काँट्रॅक्टर कोण, ते ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. यात एक आठवडा गेला.

पाइप पूर्ण बुजलाय की फक्त वळण आवळ आहे, हे हवेने कळतं. शिवणाच्या रिळाच्या दोऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीचा बोटभर तुकडा बांधा आणि पाइपात सोडा. दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावून फट ओल्या फडक्याने बंद करा. तुकडा सरसर ओढला जातो. माझा थोडा रेंगाळला, पण आला. म्हणजे वाट होती, अरुंद होती. दोऱ्याने नायलॉनची बारीक दोरी ओढली, तीही आली. केबल बांधली आणि ती नेमकी त्याच जागी घट्ट बसली.

केबल किती जोराने ओढावी याला मर्यादा आहे, साधारण ११ किलो. त्यापुढे आतल्या जोड्यांचा पीळ ताणला जातो. बाहेरून केबल धडधाकट दिसते आणि वेग मात्र पडतो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा दोरीला अडकवला की जोर आकड्यांत दिसतो. माझा १४ वर गेला तेव्हा थांबलो आणि ताणलेलं मीटरभर टोक कापून टाकलं. संगजिऱ्याची भुकटी केबलला चोळली की बरीच घसरते. तेल लावू नका, आवरण खराब होतं. भांड्यांचा साबणही नको, वाळला की चिकटतो.

संगजिऱ्यानेही भागलं नाही. दोरी बाहेर काढली तर तिच्यावर पांढरी भुकटी होती आणि मध्ये करडे कण. पांढरी भुकटी पीव्हीसीची : ताणलेली नायलॉन दोरी वळणाच्या आतल्या बाजूला करवतीसारखी चालते. करडे कण सिमेंटचे. इथे मी ओढाओढ बंद केली.

भिंत फोडण्यात भीती एकच आणि ती बाळगायलाच हवी : बीम, कॉलम, स्लॅब यांना छिन्नी लावायची नाही. माझी जागा बीमच्या खाली, ब्लॉकच्या भिंतीत होती म्हणून हे शक्य झालं. टिचकी मारून बघा, बीमचा आवाज भरीव येतो, गिलाव्यामागच्या ब्लॉकचा बद्द. आमच्या सोसायटीत ठोकाठोकीला शनिवारी १० ते १ एवढीच मुभा, रविवारी बंदी. त्यामुळे उघडणं एका शनिवारी आणि बंद करणं पुढच्या शनिवारी. हलक्या करड्या ब्लॉकची भिंत छिन्नीने वितभर खोदायला वीस मिनिटं लागतात. धूळ मात्र पलंगाखालीसुद्धा सापडते.

आत जे दिसलं त्याचा राग अजून गेलेला नाही. बीममधून खाली आलेला पाइप भिंतीतल्या पाइपाच्या रेषेत नव्हता, तीन इंच डावीकडे होता. हे होतं. स्लॅब भरताना पाइप सरकतो. सरळ उपाय म्हणजे लांब वळणाचे बेंड किंवा लवचिक पाइप. काँट्रॅक्टरच्या माणसाने एकापाठोपाठ दोन एल्बो, म्हणजे काटकोनात वळणारे पाइपाचे जोड ठोकले होते, मध्ये बोटभर तुकडा. सांध्याला पाइप चिकटवायचं सोल्यूशनही नाही, त्यामुळे गिलाव्याचं पाणी आत जाऊन खालचा एल्बो निम्मा सिमेंटने भरलेला. वळणांमुळे घर्षणाची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. सुट्टा एक एल्बो कदाचित निभावला असता, पाठोपाठचे दोन नाही.

दोन्ही एल्बो हॅक्सॉच्या पात्याने कापून काढले. तिथे १०० × १०० मिमीचा खोल जंक्शन बॉक्स बसवला : वरचा पाइप डाव्या कडेला येतो, खालचा उजव्या कडेने निघतो, मधली तीन इंचांची तिरकी वाट केबल बॉक्समध्ये मोकळी करते. केबलचं वळण तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा, म्हणजे २५ मिमी त्रिज्येपेक्षा, आवळ नको. बॉक्समध्ये ते सहज पाळता येतं. वर कोरं झाकण लावून भिंतीचाच रंग दिला. केबल घालताना एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं, फोन स्पीकरवर. हातकाटा ३ किलोच्या वर गेला नाही.

केबल निवडण्याबद्दल हे खरं आधीच सांगायला हवं होतं. स्वस्त बंडलावर बारीक अक्षरांत सीसीए छापलेलं असतं, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरट निघाली तर परत करा. ती जॅकमध्ये दाबताना तुटते. शुद्ध तांब्याची, २३ एडब्ल्यूजीची (हे तारेच्या जाडीचं माप) घ्या. तीन पॉइंटांच्या घराला ३०५ मीटरचा बॉक्स लागत नाही, १०० मीटर पुरतात, आणि प्रत्येक बॉक्सात फूटभर केबल जादा ठेवा.

जॅकच्या बाजूला रंगांच्या दोन रांगा छापलेल्या असतात, ए आणि बी. दोन्ही टोकांना बी : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिमीहून जास्त उलगडू नका. रंग दिसायला सोपे म्हणून जोड्या ओळीने लावल्या तर साध्या केबल टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण तिसरी आणि सहावी तार एकाच जोडीची नसल्याने सिग्नल एकमेकांत मिसळतात. टेस्टरला ते कळत नाही.

हॉलच्या पॉइंटवर नेट चालू होतं, पण वेग १०० एमबीपीएसवर अडकला होता. कारण १०० ला दोनच जोड्या लागतात आणि गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही. निळी तार जॅकच्या फटीत अर्धवट बसली होती. पंच टूलने पुन्हा दाबली आणि राउटरच्या पानावर १००० दिसलं. नेट चालतंय एवढ्यावर झाकण लावू नका, तो आकडा बघा.

बेडरूमच्या पाइपात केबलीसोबत एक नायलॉनची दोरीही सोडून ठेवली आहे, दोन्ही टोकांना सैल गाठ मारून. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलंय : हॉलपासून ५.५५, बेडरूमपासून १.९५.