खाजा प्रकल्प: मालवणी जमला, आता सिलाववर काम चालू

मंडळी, मागे म्हटलं होतं ना, की एकाच नावाचे सगळे खाजे घरी करून बघायचेत, तर त्याचं हे अपडेट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे खाजा म्हणजे जत्रेतला, आंगणेवाडी घ्या नाहीतर कुणकेश्वर, बेसनाच्या जाड कुरकुरीत कांड्या आणि वर गुळाचा थर, आल्याचा झणका. गोव्यातलं खाजें जवळपास हेच, त्याला तर भौगोलिक मानांकनही आहे. पण बिहारमध्ये राजगीर-नालंदाच्या वाटेवर सिलाव लागतं, तिथे खाजा मागितलात तर हातात मैद्याचं पापुद्र्यांचं प्रकरण येतं, बेसनाचा पत्ता नाही, आणि मानांकन त्यालाही आहे, २०१८ पासून. पुरीला जगन्नाथाच्या सुक्या महाप्रसादात असतो तोही पापुद्र्यांचाच. आंध्रात त्याचा काजा होतो, तापेश्वरमचा घडीचा आणि काकिनाड्याचा नळीसारखा, आत पाक भरलेला.

तर आधी मालवणी. तळण सोपं आहे, बेसनात कडकडीत मोहन, मीठ, चिमूटभर हळद, पीठ घट्ट मळायचं आणि सोऱ्याची सगळ्यात जाड भोकाची चकती लावायची. मध्यम आचेवर आतपर्यंत खुसखुशीत झालं पाहिजे, घाई केली की मध्ये कच्चट राहतं. खरी परीक्षा पाकाची. थेंब गार पाण्यात टाकला की बोटांत गोळी वळली पाहिजे, टण्णकन वाजायला लागला तर समजा चिक्की झाली. आलं किसून घालायचं, टोप खाली उतरवायचा, कांड्या आत टाकायच्या आणि मग नुसतं ढवळायचं. शेजारच्या काकी बाजूला उभ्या राहून सारख्या म्हणत होत्या, "हात थांबव नको गो, ढवळीत रव." आधी सगळं चकचकीत आणि चिकट दिसतं, वाटतं गेलं आता, आणि मग एकदम चमक जाते, गूळ साखरतो, थर मऊसर पांढुरका होतो आणि कांड्या एकमेकींपासून आपोआप सुट्या होतात. हा क्षण बघायलाच मी परत परत करते, खाणारे घरात आहेतच.

सिलाववाल्याचं सगळं उलटं, तिथे पाक किरकोळ, कसब लाटण्यात. आपल्याला चिरोटे येत असतील तर निम्मं काम झालंच, पोळीवर पोळी, मध्ये तुपाचा साटा (तूप-पीठ फेसून केलेला लेप), घट्ट गुंडाळी, तुकडे, लाटणं. माझे पापुद्रे सुटतायत पण हवे तितके फुलत नाहीयेत. सध्या साटा पातळ आणि तळणाची सुरुवात अगदी मंद ठेवून बघतेय, त्याने फरक पडतोय. एक मात्र सांगते, पापुद्र्यात साखरेचा पाक नेमका किती मुरवायचा हे कळायला वेळ लागतो, जास्त झाला की चिरोट्याचा पाकातला भाऊ होतो, वाईट नाही लागत पण खाजा नाही तो.

माझं मत विचाराल तर या सगळ्यांत चवीचं साम्य शोधत बसू नका, नाही सापडणार. साम्य आहे ते कामात: तळायचं, पाकाने गोड करायचं, देवळाच्या दारात नाहीतर वाटेवर विकायचं आणि लांबच्या पाहुण्याने पिशवीत घालून घरी न्यायचं. फ्रीजबिज नव्हते तेव्हाचा खाऊ आहे हा. आपल्या जत्रा दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतात ते खाज्याच्याही पथ्यावर पडतं, कारण पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या हवेत गूळ पाणी ओढतो आणि डबा उघडला की लगदा. म्हणून मालवणीचा पुढचा घाणा आता पाऊस संपल्यावरच.

तोवर काकिनाडा. पाक आतच असल्याने दमट हवेचं भय कमी असावं असा माझा अंदाज, कवचाचं काय ते बघायचं. कुणी तिकडे खाल्ला असेल तर सांगा, दुसऱ्या दिवशीही बाहेरून कडक राहतो का?