गाडी क्वचितच धावते, मग रुळांवर एवढं काय काम?

रेल्वे संग्रहालयात मी सुटीच्या दिवशी बिनपगारी काम करते, आणि तेही इंजिनावर नाही, रुळांवर. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तुमची गाडी धावते कधीतरी, धावली तरी धावत जाऊन पकडता येईल अशा वेगानं. मग रुळांचं सारखं असं काय बिघडतं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: गाडी फारशी धावत नाही, म्हणूनच बिघडतं.

चाकांनी रूळ झिजतो हे खरं, पण आमच्या वाहतुकीनं तो झिजायला पिढ्या जातील. आमचं दुखणं रुळाच्या खाली आहे. लाकडी स्लीपर (रुळांखाली आडवे टाकलेले ओंडके), खडी आणि पाणी.

खडी बघणाऱ्याला शोभेची वाटते. प्रत्यक्षात ती तीन कामं करते: भार पसरवते, स्लीपरला जागेवरून हलू देत नाही आणि पाण्याला वाट देते. म्हणून तर ती फोडलेल्या, कोपरेदार दगडाची लागते. नदीतले गुळगुळीत गोटे एकमेकांत अडकत नाहीत, घरंगळतात. आता गाड्या कमी, माणसांची ये-जा कमी, अशा ठिकाणी पालापाचोळा पडतो, कुजतो, त्याची माती होते, मातीत गवत येतं. खडीतल्या फटी बुजल्या की पाणी तुंबतं, आणि स्लीपर खालून कुजायला लागतो. चाक वरून गेलं की तो चिखलात दबतो, चिखल बाजूनं वर येतो, खालची पोकळी वाढते. पुढच्या चाकाला आणखी जास्त दबतो. एवढं होऊनही वरून बघाल तर स्लीपर ठणठणीत!

म्हणून आमचं निम्मं काम बघण्याचं आणि ऐकण्याचं. पहारीनं स्लीपर ठोकायचा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं. खिळ्याच्या मानेवर चकचकीत पट्टा दिसला तर समजायचं, गाडीखाली इथं काहीतरी वर-खाली होतंय. स्लीपरभोवती पांढरी भुकटी दिसली तर खाली दगड दगडाला दळतोय. गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून रुळाच्या कडेनं लांबवर नजर टाकली की पट्टीनं मोजताना न जाणवलेला खळगा स्वच्छ दिसतो. ही नजर यायला वेळ लागतो, पण एकदा आली की मग कुठल्याही फलाटावर उभं राहिलं तरी लक्ष आधी रुळांकडेच जातं.

एक स्लीपर बदलायचा म्हणजे काय, तेही सांगते. आधी दोन स्लीपरांमधली खडी उकरायची. काटेरी फावड्यानं, कारण साध्या फावड्यात माती आणि खडी दोन्ही एकदम येतात. मग दुभंगलेल्या टोकाची पहार खिळ्याच्या डोक्याखाली घालून तो उपटायचा. गंजलेला खिळा निघताना जी किंकाळी फोडतो तिची सवय होत नाही. मग जॅक लावून रूळ किंचित उचलायचा. किंचितच. जास्त उचलला तर शेजारच्या स्लीपरांखाली खडे घुसतात आणि एका जागचं काम तीन जागचं होतं. जुना स्लीपर चिमट्यानं आडवा ओढून काढायचा, नवा त्याच वाटेनं सरकवायचा. खिळे ठोकण्याआधी दोन रुळांमधलं अंतर मोजायचं, आणि शेवटी बीटरनं, म्हणजे खडी ठासायच्या अवजारानं, ती स्लीपरखाली घट्ट ठासायची, दोन्ही बाजूंनी, रुळाच्या बरोबर खाली. मधोमध ठासायची नाही, नाहीतर स्लीपर पोटावर टेकतो आणि दोन्ही टोकांना डुलतो. इतकं करूनही पहिली गाडी गेली की तो थोडा बसतोच. परत या, परत ठासा.

अंतराबद्दल थोडं जास्त बोलू द्या. जगातल्या निम्म्याहून जास्त लोहमार्गांवर ते 1435 मिलिमीटर असतं, काही ठिकाणी याहून कमी, काही ठिकाणी जास्त. आकडा कुठलाही असो, थोड्याशा फरकानं काय होतं याची एक खरी गोष्ट आहे. वेल्समधली टॅलिलिन ही स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली पहिली रेल्वे. 1951 साली त्यांनी गाडी हातात घेतली तेव्हा इंजिनं थकलेली होती, म्हणून बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं विकत घेतली. त्यांचं मापही तेच, सव्वादोन फुटी. त्यातलं ‘सर हेडन’ चालवायला काढलं आणि ते रुळावरून उतरू लागलं. इंजिनाचा दोष नव्हता. तिथले रूळ जवळजवळ अर्ध्या इंचानं जास्त फाकलेले होते. जुन्या इंजिनांच्या चाकांचा रुळावर टेकणारा भाग रुंद होता, त्यांनी ते पोटात घातलं होतं. नव्याची चाकं अरुंद, ती मधे उतरली. कागदावर माप जुळतंय म्हणून गाडी चालत नाही.

उन्हाचंही असंच. 13 मीटर लांबीचा रूळ तापमान 30 अंशांनी वाढलं की साधारण 4.5 मिलिमीटर लांबतो. त्यासाठीच जोडावर फट ठेवलेली असते. पण फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी, गंजून चिकटली तर रूळ त्या फटीत सरकू शकत नाही, मग तो बाजूला वाकायला बघतो. म्हणून तापमान चढण्याआधी जोड उघडा, घासा, ग्रीस लावा, बंद करा. कंटाळवाणं काम आहे, त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही.

यार्डात न हलण्याचे त्रास आणखी. पॉइंटचा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेचा, सरकणारा रूळ मुख्य रुळाला चिकटून बसला पाहिजे. मधे एवढासा खडा अडकला तरी फट राहते, आणि चाकाची कड त्या फटीत शिरू शकते. (लहान मुलांना नेमके तिथेच खडे ठेवायला आवडतात, का कोण जाणे.) जुन्या वाघिणी (मालाचे डबे) महिनोन्महिने एका जागी उभ्या राहिल्या की ॲक्सलच्या बेअरिंगमधलं तेल उतरतं, पाणी शिरतं, गंज खड्डे पाडतो, आणि पुढे ज्या दिवशी ती वाघीण ओढाल त्या दिवशी ॲक्सल तापतो. म्हणून तेल बघून त्यांना अधूनमधून मागे-पुढे करावं लागतं. त्या वेळी इशारा देणारा माणूस एकच. तो चालकाला दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे, कारण विचारायचं नाही. डबे हलत असताना त्यांच्या मधे कुणी जायचं नाही.

हे सगळं कुणाला दिसत नाही, याचं वाईट वाटत नाही का, असंही विचारतात. वाईट वाटतं ते पैशांबद्दल. इंजिनाच्या रंगासाठी देणगीदार मिळतात, खडीच्या ढिगासाठी नाही. माझं मत विचाराल तर रंग उडालेलं इंजिन चांगल्या रुळावर उभं असावं, उलटं नको.

आणि यायचं असेल तर खुशाल या. ताकदीची अट नाही. मीटरला 45 किलोचा रूळ म्हणजे 13 मीटरला जवळपास 600 किलो, तो कुणीच एकटं उचलत नाही. एकजण हुकूम देतो, बाकीचे ऐकतात, आणि एकाच वेळी दोघं बोलायला लागले तर काम थांबवतात. पोलादी टोकाचे बूट, जाड हातमोजे आणि लांब बाह्या हव्यात, कारण जुन्या स्लीपरला लाकूड कुजू नये म्हणून लावलेलं क्रिओसोट तेल कातडीला झोंबतं. पहिले काही दिवस गवत आणि चर साफ करणंच वाट्याला येईल. चर साफ नसेल तर वर सांगितलेलं सगळं परत करावं लागतं, तेव्हा नाक मुरडू नका. रूळ ओलांडताना त्याच्यावर पाय देऊ नका, वरून पलीकडे टाका. ओला रूळ फार निसरडा असतो.