आमची वाटचाल : अर्धा इंच मुंढा

आमच्या झबल्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती हात जायची जागा, बाजारातल्या झबल्यापेक्षा अर्धा इंच मोठा असतो. याच अर्ध्या इंचावर धंदा उभा राहिला आणि 2016 साली बुडता बुडता वाचला.

डोकं वहिनींचं. सोलापुरात घरातच सुरुवात केली तेव्हा एक पायाचं मशीन आणि कापडाच्या कडा शिवायचं एक जुनं, तेल गळणारं ओव्हरलॉक मशीन होतं. वहिनींची धाकटी तेव्हा दहा-अकरा महिन्यांची. कपडे घालायचे म्हटलं की घर डोक्यावर घ्यायची. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हात ओढून घालण्यापेक्षा तिचा तिला घालू द्या की." त्यांनी पुठ्ठ्याच्या फर्म्यावर खडूनं मुंढा खाली उतरवला. आठवडाभरात पोरगी स्वतःच मूठ पुढे करायला लागली.

मधली वर्षं बरी गेली.

मग पुण्याच्या एका ठोक व्यापाऱ्यानं मोठी ऑर्डर दिली. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि गठ्ठे न सोडता परत आले. कारण काय, तर "हँगरला गबाळं दिसतं". उन्हाळ्यात त्याच्याच दुकानात आमचाच गळा, खांद्यावर आमच्यासारखीच प्रेस बटणं, आणि कार्डावर 'बाळ स्वतः घालेल'. मुंढा मात्र असा अरुंद, की बाहुलीचाही हात जायचा नाही! ते कार्ड अजून माझ्या गल्ल्यात आहे.

त्या हिवाळ्यात बार्शीच्या एक आजी सुट्या नोटा मोजून झबली न्यायच्या. बारशाच्या आहेरालासुद्धा वर्षाच्या मापाची. "तान्ह्याचं महिन्यात आखूड होतं रे." कारागिरांची मजुरी त्यावर निघाली.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो, बाळाला स्वतः घालायला कसं शिकवायचं ते. आधी आपला हात बाहीच्या मनगटाकडच्या टोकातून आत घाला, बाळाला आपलं बोट धरू द्या. हिसका देऊ नका, लहानग्यांचं कोपर ओढल्यानं जागचं सरकतं. 'हात कुठाय?' विचारा आणि थांबा. घाईच्या सकाळी नव्हे, संध्याकाळी. पायमोजे आधी काढता येतात, घालता फार उशिरा. तेव्हा भिरकावलेला मोजा बघून रागावू नका.

आता मशीन नवीन आहेत. फर्मा तोच, कडांना चिकटपट्टी लावलेला. परवा कापणीच्या नव्या मुलानं कापड वाचवायला मुंढा अर्धा इंच आत घेतला. तो अख्खा थर मशीन पुसायच्या फडक्यांत गेला.