कॉफीचा मळा बघायला जाताय? आधी फुलं कधी आली ते विचारा

मळ्याचं नाव लिहीत नाही. देशाचंही नाही, कारण तो सांगितला की तिथलं बुकिंग ऑफिस शोधून काढायला कुणालाही दोन मिनिटं पुरतील, आणि मला भांडण नकोय. राग मात्र अजून गेलेला नाही.

विमान, राहायची जागा, डोंगरात वर जायला गाडी, हे सगळं एका संध्याकाळी उरकलं. घोडं अडलं ते तारखेपाशी.

मला आणि बहिणीला तोडणी बघायची होती. लाल फळं झाडावरून उतरताना बघायची आणि त्याच दिवशी पल्पर नावाच्या यंत्रात त्यांची सालं निघतानाही. नुसती झाडंच बघायची असती तर वर्षातला कुठलाही दिवस चालला असता. त्या मळ्यावर यायचं तर नोंदणी एका ऑफिसमार्फतच, आणि ऑफिसच्या साइटवर एक कॅलेंडर. त्यात वर्षाचे सगळे दिवस हिरवे. छाटणीचे दिवस हिरवे, झाडावर नुसत्या मिऱ्याएवढ्या हिरव्या गाठी असतात ते दिवसही हिरवे. वर ठळक अक्षरात ‘कॉफीच्या हंगामाचा अनुभव घ्या’. कुठला हंगाम, ते विचारायचं नाही.

मग फॉर्म. तारीख एकदा निवडली की बदलता येणार नाही. पैसे आधी, परत मिळणार नाहीत. वेळ सकाळी दहा, दुसरा पर्यायच नाही. किमान चार माणसं, आम्ही दोघी. भेटीचा उद्देश निवडायला तीन पर्याय: शैक्षणिक, व्यावसायिक, माध्यमे. ‘सहज बघायला’ असं काही नव्हतंच. मी भाबडेपणाने ‘शैक्षणिक’ निवडलं, तर संस्थेचं पत्र जोडा म्हणे. मागे जाऊन ‘व्यावसायिक’ केलं तर कंपनीचा नोंदणी क्रमांक. शेवटी पुन्हा ‘शैक्षणिक’ करून पत्राच्या जागी पासपोर्टचीच प्रत जोडली, तर फाइल मोठी आहे म्हणून फॉर्म पुसला गेला. सगळा. पहिल्यापासून.

मेल केला: डिसेंबरात तोडणी चालू असेल का, की जानेवारीत यावं? दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘कृपया कॅलेंडरमधली कुठलीही हिरवी तारीख निवडा.’ मी लिहिलं, सगळ्याच हिरव्या आहेत, म्हणून तर विचारतेय. उत्तरात फॉर्मची लिंक. मग मी जरा चढ्या आवाजातला मेल लिहिला. त्यावरही फॉर्मची लिंक, पण या वेळी खाली ‘आपला दिवस शुभ जावो’. नऊ दिवस, पाच मेल, आणि ये रे माझ्या मागल्या.

फोन केला.

“तारीख तुम्ही सांगायची असते, मॅडम.”

“हो, पण फळं कधी पिकतात ते तुम्हाला माहीत असेल ना?”

“ते मळ्यावरचे लोक सांगतील.”

“मग त्यांचा नंबर द्या.”

“तो आम्ही देत नाही.”

ही तारखेची कटकट मी उगाच करत नव्हते. कॉफीचा हंगाम जगभर एकाच वेळी येत नाही. ब्राझीलमध्ये तोडणी साधारण मे ते सप्टेंबर, इथिओपियात ऑक्टोबरच्या पुढे, मध्य अमेरिकेत बरीचशी नोव्हेंबर ते मार्च. कोलंबिया विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथल्या बऱ्याच भागांत वर्षाला दोन हंगाम, एक मोठा, एक लहान. कर्नाटकात कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी अरेबिका आधी उतरते, रोबस्टा तिच्या मागून. एकाच डोंगरावर खालची झाडं आधी पिकतात, वरची उशिरा. त्यामुळे ‘हंगाम अमुक महिन्यात’ एवढ्या माहितीवर तिकीट काढणं म्हणजे जुगार. (ब्राझीलला जाणार असाल तर आणखी एक विचारून घ्या: तोडणी हाताने की यंत्राने? तिथल्या सपाट, मोठ्या मळ्यांवर यंत्र फिरतं. टोपल्या घेतलेली माणसं डोळ्यांपुढे ठेवून जाल आणि ट्रॅक्टर बघून याल.)

सुटका झाली ती स्वयंपाकघरातल्या फडताळामुळे. ज्या कॉफीमुळे हा मळा मनात भरला, तिचं रिकामं पाकीट मी ठेवून दिलं होतं. लहान रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारे, पाकिटावर मळ्याचं नाव, उंची, झाडाची जात, कधी कधी तोडणीचं वर्षही छापतात. त्या रोस्टरला चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी मळ्यावरच्या बाईंचा थेट नंबर हातात. हे मला नऊ दिवस आधी सुचायला हवं होतं.

बाईंना मी तोच प्रश्न विचारला. त्या हसल्या. म्हणाल्या, “तोडणीचं नका विचारू. फुलं कधी आली ते विचारा.”

आणि मग जे सांगितलं ते इतकं सोपं होतं की मला त्या हिरव्या कॅलेंडरची नव्याने चीड आली. कोरडा काळ गेला की पहिला चांगला पाऊस पडतो, त्यानंतर आठ-दहा दिवसांत झाडं पांढरीशुभ्र होतात. वास मोगऱ्याच्या जवळचा. दोन-तीन दिवसांत बहर संपतो. तिथून अरेबिकाचं फळ पिकायला सात ते नऊ महिने, रोबस्टाला त्याहून जास्त. जितकी उंची तितकं सावकाश. त्यांच्याकडे मोठा बहर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आला होता आणि त्यांच्या उंचीवर साडेआठ महिने धरायचे. बोटांवर मोजलं: डिसेंबरचा पहिला आठवडा. एप्रिलमध्ये आणखी एक छोटा बहर येऊन गेला होता, म्हणजे पहिली तारीख हुकली तरी पुढे थोडी फळं होतीच. असे मागेपुढे बहर येतात म्हणूनच एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी फळं शेजारी शेजारी दिसतात आणि तोडणारे त्याच झाडाकडे तीन-चार वेळा परत येतात.

“आणि सकाळी दहाला कशाला येताय?” बाईंनीच विचारलं. त्या वेळी माणसं लांबच्या उतारावर असतात, खालचं अंगण रिकामं. तिसऱ्या प्रहरी पोती वजनाला येतात आणि पल्पर सुरू होतो संध्याकाळी, कारण तोडलेली फळं रात्रभर तशीच ठेवली तर पोत्यातच आंबतात. म्हणजे ऑफिस जी एकमेव वेळ विकत होतं, त्या वेळी बघण्यासारखं जवळजवळ काही नसतं.

पण पास ऑफिसकडूनच घ्यायचा, तसा त्यांचा करार. माझा आवाज बहुधा पडला असावा, कारण बाई म्हणाल्या, थांबा, मी बोलते. दहा मिनिटांत पास आला. दोघींचा. ना पत्र, ना नोंदणी क्रमांक. वेळ मात्र दहाचीच छापलेली, त्यांच्या सिस्टिममध्ये दुसरी वेळच नव्हती. बाई म्हणाल्या, दुर्लक्ष करा, तीनला या. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण आधी फोन आपटावासा वाटला.

आता मळ्यावरचं. एक तर मुक्काम करा. एका दिवसात निम्मंच दिसतं. तीनला पोहोचलो तेव्हा मुकादम तराजूपाशी उभा होता, पोती येत होती. फळं आधी पाण्याच्या हौदात ओततात. किडकी, पोकळ फळं तरंगतात, ती वरून काढून टाकतात. मी एक लाल फळ चावून बघितलं. कॉफीशी चवीचा काहीही संबंध नाही, फिक्कट गोड. आत दोन बिया, इतक्या बुळबुळीत की एक चिमटीतून निसटून बहिणीच्या चष्म्यावर जाऊन चिकटली. तो चिकटा घालवायला बिया रात्रभर टाकीत आंबवतात. सकाळी बाईंनी कोपरापर्यंत हात आत घालून मूठभर बिया वर काढल्या आणि मुठीतच चोळल्या. “ऐका.” कर्रकर्र आवाज आला, ओल्या वाळूसारखा. आवाज आला म्हणजे आता धुवायचं. हे सगळे मळे करत नाहीत. कुठे अख्खी फळंच उन्हात वाळवतात, तिथे टाक्या नसतात. म्हणून कॉफी धुतलेली की अख्खी वाळवलेली, तेही आधीच विचारून घ्या.

बूट घासून धुऊन न्या, विशेषतः आधी दुसऱ्या मळ्यावर जाऊन आला असाल तर. तांबेरा हा कॉफीच्या पानांवरचा रोग, त्याची बुरशी बुटांवरून, कपड्यांवरून फिरू शकते. 1869 मध्ये सिलोनमध्ये ती आली आणि तिथल्या कॉफीची वाट लागली. हवाई बेटं सांभाळून होती, तिथेही 2020 मध्ये पोहोचलीच. आम्हाला फाटकाशी बूट बुडवायला लावले तेव्हा बहीण कुरकुरली होती.

तोडणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी वजनावर पैसे मिळतात. तुम्ही त्यांना गप्पांत गुंतवलंत की त्यांची मजुरी बुडते. मी दहा मिनिटं एकीचा वेळ खाल्ला, मग लक्षात आलं आणि पुढचा तासभर तिच्या टोपलीत फळं टाकत बसले. निम्मी हिरवी निघाली, ती तिने न बोलता वेचून बाजूला काढली. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो हिरवी, म्हणजे न भाजलेली, कॉफी निघते, हे मला आधी नुसतं वाचून माहीत होतं.

लांब बाह्यांचे, गडद रंगाचे कपडे घाला. ताजी फळं किंवा रोप बॅगेत घालून आणू नका, बऱ्याच देशांत विमानतळावर काढून घेतात; भाजलेली कॉफी आणायला सहसा अडचण येत नाही. आणि मळ्यावर फोन करणार असाल तर दुपारी करा, संध्याकाळी पल्परच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ऑफिसचा मेल आला. सकाळी दहाच्या भेटीला आपण अनुपस्थित होता अशी नोंद झाली आहे, पुढील भेटीसाठी कृपया हा फॉर्म भरावा. खाली लिंक.