सेनिओच्या बांधावरचे आपले लोक

25 एप्रिलला इथे इटलीतल्या बोलोन्यात सुट्टी असते आणि भांडणही. 1945 साली या दिवशी उत्तर इटलीत नाझी-फॅसिस्टांविरुद्ध उठावाची हाक दिली गेली. पुढच्याच वर्षी त्याचा राष्ट्रीय सण झाला, पण तो सगळ्यांचा अजून झालेला नाही. 2022 साली पंतप्रधान झालेल्या मेलोनीबाईंच्या पक्षाच्या चिन्हातली तिरंगी ज्योत मूळची एमएसआयची, म्हणजे 1946 साली मुसोलिनीच्या जुन्या माणसांनी काढलेल्या पक्षाची. त्यामुळे एप्रिल उजाडला की स्वतःला फॅसिस्टविरोधी कोण म्हणवून घेतो आणि कोण शिताफीने विषय बदलतो, यावर टीव्हीवर खडाजंगी. आपल्याकडचे जयंत्यांचे वाद पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही वाटत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. इथल्या पियाझ्झा नेत्तुनोत एका भिंतीवर पार्टिझनांचे, म्हणजे भूमिगत लढवय्यांचे फोटो आहेत. याच भिंतीपाशी त्यांना गोळ्या घालत. 1945 च्या 21 एप्रिलला शहर नाझींच्या तावडीतून सुटलं आणि घरच्या लोकांनी आपणहून फोटो आणून इथे लावले. टोपीतले, टायमधले, मिसरूडही न फुटलेले चेहरे, आणि बायकाही. त्या भिंतीसमोर आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "आम्ही आमचे सुटलो." त्यांचा भाचा म्हणाला, "अमेरिकन आले नसते तर?" झालं, जुंपली!

अरे, आणि आमचे मराठे? 9 एप्रिल 1945 ला, इथून फार लांब नाही, सेनिओ नदीच्या पूरबांधावर इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या मराठा पलटणीचा शिपाई नामदेव जाधव दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांमधून बाहेर काढतो. मग परत जाऊन एकटाच मशीनगनचे मोर्चे उडवतो. हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालेना, म्हणून हातबॉम्ब टाकतो. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावतो. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक! माणगावकडचे यशवंत घाडगे 1944 च्या जुलैत याच देशात पडले, त्यांनाही तोच. त्यांचं मोंतोने गावात 2023 मध्ये स्मारक तरी झालं. 25 एप्रिलच्या मिरवणुकीतल्या भाषणांत मात्र आपल्या लोकांबद्दल अक्षर नाही.

आता कोणी म्हणेल, ते तर इंग्रजांच्या पगारावर लढले. खरं आहे. त्याच काळात साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांना जेरीस आणत होतं, आणि शाळेत आपण तेवढंच शिकलो. पण पगारासाठी परक्या मुलखात येणाऱ्याला नावं ठेवायची, तर माझ्यासकट बऱ्याच जणांना ठेवावी लागतील.

हे सगळं मी आजींना तिथेच ऐकवलं. त्यांचं आजोळ लुगोजवळ, सेनिओच्या काठचं. त्या म्हणाल्या, "हो, पागोटेवाले सैनिक आले होते असं आई सांगायची."

पागोटेवाले म्हणजे शीख असणार, जाधवांच्या पलटणीतले नव्हेत, हे मी लगेच स्पष्ट केलं. श्रेयाच्या वाटणीत आपणही कमी नाही.